चुलीवरचे शिसे

गेल्या पावसाळ्यात खाडीकाठच्या एका गावातून सहा वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. सोबत आई. "डॉक्टरांनू, म्हयनोभर ह्येच्या पोटात दुखता. भूक नाय." आधी दोनदा जंताचे औषध देऊन झाले होते, त्यातले एकदा मीच दिले होते. पोर फिकट, किरकिरे, शौचाला चार-चार दिवस होत नसे. शाळेतल्या बाईंचे म्हणणे, हल्ली त्याचे लक्ष लागत नाही.

रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. काचपट्टीवर तांबड्या पेशींमध्ये निळसर ठिपके दिसले तेव्हा मात्र मी चमकलो. "घरात कोणी बॅटरीचे काम करते का?" असे विचारल्यावर बाई सहज म्हणाली की, पागाक शिसा ओततत ना!

आपल्याकडे पागाच्या घेराला वजन म्हणून शिसे लागते, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको. विकत घेण्यापेक्षा जुन्या बॅटरीच्या प्लेटी फोडायच्या, चुलीवर लोखंडी कढईत वितळवायच्या आणि साच्यात ओतायच्या. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, लाकडाच्या जाळावर सहज. अमेरिकेत हौशी शिकारी भंगारातल्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या घरीच ओततात. त्यांच्या घरांतही हाच आजार आढळतो.

खरा घात वितळलेल्या शिशापेक्षा त्यावर येणाऱ्या करड्या सायीने होतो. ती पळीने काढून बाजूला टाकतात, वाळली की तिची बारीक पूड होते. पूड अंगणात, कपड्यांवर, अंथरुणात जाते. तिला वास नाही. रांगणारे, खेळणारे मूल हात तोंडात घालते आणि पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. मग ते हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते.

मुलाच्या रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. दर डेसिलिटरमागे ३८ मायक्रोग्रॅम शिसे. शिशाची निर्धोक अशी पातळीच नाही, आणि ५ च्या वर गेले की कारण शोधून काढावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई पाच महिन्यांची गरोदर होती, म्हणून तिचेही तपासले. १६ निघाले. आईच्या रक्तातले शिसे नाळेतून बाळाकडे जाते, आणि गरोदरपणात हाडांत साठलेले शिसेही रक्तात उतरते.

आजोबा ऐकेनात. "आमी लानपणापासून ह्या करतंव. आमका काय झाला?" आजोबांना रक्तदाब आहे, तो शिशामुळेच असे मी म्हणणार नाही, पण शिशाने रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात, हे ठाऊक असू द्यावे. त्यांना मी सेनेगल देशातली गोष्ट सांगितली. डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत लोहार जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढून जाळ्यांची वजने ओतत. पुढे शिशाचा भाव वाढला आणि लोक वाळू चाळून त्यातले कण घरी नेऊ लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली १८ लहान मुले दगावली. आजोबा गप्प बसले.

अशा वेळी पहिले औषध म्हणजे काम थांबवणे. शिसे अंगातून काढणारी औषधे आहेत, पण ती बरेच वाढल्यावर, आणि रुग्णालयातच द्यायची. या मुलाला लोह दिले, आईला कॅल्शियम. अंगण कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ओतकामाचे कपडे वेगळे धुवा. चुलीजवळची माती वरून खरवडून पिशवीत बांधा, असे सांगितले. ती पिशवी कुठे टाकायची हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि रास्त होता. ग्रामपंचायतीकडे त्याचे उत्तर नव्हते. जुनी बॅटरी मात्र नवी घेताना दुकानात परत देता येते, तसा नियम २००१ मध्ये झाला होता.

चार महिन्यांनी मुलाचे शिसे २१ वर आले. भूक लागते, पण पाढे अजून विसरतो. बाळ वेळेवर झाले, वजन अडीच किलो. त्याचे रक्त पुढच्या महिन्यात तपासायचे आहे.

परवा बाई बाळाला घेऊन आली तेव्हा जाता जाता तिने विचारले, शिसे ओतायची ती कढई राखेने घासून घेतली तर मासे तळायला चालेल का? मी नको म्हणालो. घरी जाऊन तिने कढईच्या तळाला खिळ्याने भोक पाडले आणि मगच ती भंगारवाल्याला दिली.