जुन्या फियाटला नवा सायलेन्सर

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या फियाटचा सायलेन्सर बहुधा आतून कुजतो. पेट्रोल जळताना वाफ होते. गाडी जवळच्या जवळच फिरली, तर या वाफेचे पाणी नळीत साचून पत्रा गंजतो.

सायलेन्सर बदलताना खरी कसोटी मॅनिफोल्डपाशी, म्हणजे नळी इंजिनाला जोडते तिथे. गंजलेल्या नटवर जोर लावला की स्टड तुटतो, म्हणून गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारावे. गॅस्केट नवेच हवे. नळी, सायलेन्सर, हँगर आधी सैलच जोडून सरळ करावेत, मग पुढून मागे आवळत जावे. घाई केली, तर नळी तळाला घासून खडखडते. इंजिन एकदा तापून गार झाले, की नट पुन्हा तपासावेत.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल नसलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. म्हणून भाग निवडताना मूळ घडणच जपा.