गाडीतली आग विझवायची बाटली : कोणती घ्यावी, कुठे बसवावी?



करंजाड्यात आता शेतांपेक्षा इमारती जास्त दिसतात. तरी ज्यांच्याकडे अजून भाताचा तुकडा किंवा भाजीचा मळा आहे, त्यांच्या दारात बैलगाडीच्या जागी पिकअप नाहीतर मोटार उभी असते. पहाटे भाजी वाशीच्या बाजारात जाते, झोडणी झाली की त्याच गाडीतून पेंढा येतो. गाडी बहुधा कर्जाची असते. ती पेटली तरी हप्ता काही चुकत नाही!

मागच्या सभेत एक शेतकरी म्हणाले, "साहेब, बाटली आहे ना आपल्या गाडीत!" कुठे आहे म्हणून विचारले, तर मागे हौद्यात, क्रेटांच्या खाली. सगळ्यांसमोर काढायला सांगितली. घड्याळात दीड मिनिट गेले, आणि बाटली निघाली ती काटा तांबड्या पट्ट्यावर आलेली. आग पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात हाताशी असते, पुढे ती आपले ऐकत नाही. म्हणून बाटली घेणे हे अर्धेच काम. ती हाताला लागेल अशा जागी आणि हलणार नाही अशी बसवणे, हे उरलेले अर्धे.

कोणती बाटली घ्यावी?

गाडीसाठी 'ए.बी.सी.' कोरड्या पावडरची बाटली घ्यावी. 'ए' म्हणजे पेंढा, गोणपाट, सीटचे कापड यांची आग. 'बी' म्हणजे पेट्रोल, डिझेल, ऑईल यांची. आणि 'सी' म्हणजे गॅसची. गाडीत हे तिन्ही प्रकार एकत्र येतात. नुसती 'बी.सी.' लिहिलेली बाटली तेलाची आग विझवील, पण पेंढ्याच्या निखाऱ्यावर तिचा इलाज चालत नाही.

ही पावडर आपल्याला अनोळखी नाही. ठिबकमधून आपण १२:६१:०० हे खत सोडतो, ते मोनो अमोनियम फॉस्फेट. 'ए.बी.सी.' पावडरीतला मुख्य पदार्थही तोच. आगीवर पडला की तो ज्वाळा मोडतो, आणि वितळून निखाऱ्यावर थर धरतो, म्हणजे हवा तुटते. मात्र बाटलीतली पावडर पाणी न धरणारी केलेली असते. ती खत म्हणून वापरू नये.

मोटारीला १ किलोची आणि पिकअप किंवा टेम्पोला २ किलोची बाटली घ्यावी. अर्धा किलोच्या डब्यावर भिस्त ठेवू नये. लहान बाटली साधारण आठ-दहा सेकंदांत रिकामी होते, हे ध्यानात असू द्या. घेताना तीन गोष्टी पाहा :

१. बाटलीवर आय.एस.आय. चिन्ह आणि आय.एस. १५६८३ हा क्रमांक आहे का?
२. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? पिन आणि तिचे सील शाबूत आहे का?
३. सोबत लोखंडी पकड आहे का? प्लास्टिकची पकड गाडीत टिकत नाही.

कुठे बसवावी?

मोटारीत डाव्या पुढच्या सीटच्या समोर, खाली, आडवी बसवलेली उत्तम. दोन्ही दारांतून हात पोचतो. चालकाच्या पायाशी नको. सुटली तर ब्रेकच्या पायट्याखाली जाऊन बसेल. पिकअपमध्ये केबिनमध्येच ठेवावी, हौद्यात नाही. डिकीत, बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डवर कधीच नको. लेबलवर बहुधा ५५ अंशांपर्यंतची मर्यादा असते, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड याहून तापतो. एअरबॅग जिथून फुगते तो भाग मोकळा सोडावा.

कशी बसवावी?

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून थांबली, तर मोकळी बाटली त्याच वेगाने पुढे येते. ती डोक्यात बसली तर आगीआधी तीच घात करील. म्हणून चिकटपट्टी नको, नुसते स्क्रूही नकोत. आरपार बोल्ट घालून खाली मोठा वायसर आणि नट आवळावा. भोक पाडण्याआधी पत्र्याखाली डिझेलची नळी, ब्रेकची नळी, वायर नाही ना, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. आपल्याकडच्या पावसात उघड्या भोकाला गंज लागतो; कडेला रेड ऑक्साईड लावून बुजवावे. पकडीचा पट्टा एका हाताने झटक्यात उघडला पाहिजे. घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याकडून तो दोनदा उघडून घ्या.

आग लागली तर

आधी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि माणसे बाहेर काढा. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण दगावले. बस दाराच्या बाजूवरच आडवी झाल्याने वाट बंद झाली होती. माणूस आधी, गाडी नंतर, हा धडा त्यातून घ्यायचा.

मग आग लहान असेल तरच बाटली उचला. वारा पाठीशी घ्या. पिन ओढा, दोनेक मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी नेम धरा, दांडी दाबा आणि झाडू मारल्यासारखे इकडून तिकडे फिरवा. बॉनेट एकदम उघडू नका, हवा मिळून भडका उडेल. खटका ओढून जरासे उचलले गेले की त्या फटीतून मारा. पेंढा पेटला असेल तर वरची ज्वाळा विझली म्हणून फसू नका. आत निखारा राहतो. भारे ओढून दूर करा, पाणी मारा.

सी.एन.जी.ची टाकी ज्वाळांत असेल किंवा विजेवरच्या गाडीची बॅटरी धुमसत असेल, तर बाटलीच्या भरवशावर थांबू नका. लांब व्हा, इतरांना लांब करा आणि ११२ किंवा १०१ ला फोन लावा.

आग लागूच नये म्हणून

खळ्यावर सुक्या पेंढ्यावर गाडी उभी करू नका. नव्या बी.एस. ६ डिझेल गाड्या सायलेन्सरच्या वाटेवर साठलेली काजळी जाळून टाकतात. त्या वेळी तो भाग फार तापतो. घराशेजारी भात साठवलेले असेल तर उंदीर बॉनेटखाली वायरी कुरतडतात. आठवड्याला एकदा उघडून पाहा. जादा दिवे, हॉर्न यांच्या वायरी फ्यूज घालूनच जोडून घ्या.

महिन्याची तपासणी

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काटा आणि सील पाहा. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी दबते, म्हणून बाटली उलटी करून चार वेळा हलवा. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. एकदा थोडी जरी वापरली, तरी पुन्हा भरून घ्यावी. विझल्यावर गाडीवरची पावडर लवकर साफ करा. ओल लागली की ती धातू खाते.

रेडिओवर ऐकलेले विसरायला होते, म्हणून ही पत्रिका गाडीच्या कागदांत ठेवा. आणि आज संध्याकाळी एवढे करा : चालकाच्या जागेवर बसा, घड्याळ लावा आणि बाटली हातात घेऊन खाली उतरा. दहा सेकंदांत जमले नाही, तर जागा बदला.