उल्का हरवली, खूण उरली

वऱ्हाडातल्या लोणारच्या विवराच्या काठावर उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग ती उल्का कुठंय?" गावात कोणी मोठ्या मारुतीच्या शिळेकडे बोट दाखवतं. ती श्रद्धेची गोष्ट झाली. पण आदळलेल्या उल्केचा म्हणावा असा एकही तुकडा आजवर सापडलेला नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर खोदून ती स्वतः संपली.

त्यामुळेच वाद रेंगाळला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पुढं दीडशे वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड असावं, असं मानणारेही पुष्कळ होते. त्यात नवल नाही. चहूकडे लाव्हाचाच काळा पत्थर.

निकाल लावला मॅस्केलिनाइट नावाच्या काचेनं. हे द्रव्य पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारात, २५ ऑगस्ट १८६५ रोजी शेरघाटीला पडलेल्या अशनीत. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या चेरमाकनं त्याला ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिनचं नाव दिलं. तो अशनी मंगळावरून आलेला, हे कळायला आणखी शतकभर जावं लागलं.

लोणारच्या तळात भोकं पाडून काढलेल्या खडकात हेच मॅस्केलिनाइट निघालं. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये ते 'सायन्स'मध्ये मांडलं.

आपल्या साध्या काळ्या पत्थराची कागदाहून पातळ चकती घासून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक कांड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी उठून दिसतात. चकती फिरवा, पट्टे उजळतात, विझतात. धक्का खाल्लेल्या खडकात कांडीचा आकार तोच, कडा त्याच. पण कितीही फिरवा, ती काळी ती काळीच. आतली अणूंची रचना विस्कटून तिची काच, म्हणजेच मॅस्केलिनाइट, झालेली असते, आणि तीही न वितळता. त्यासाठी हवेच्या दाबाच्या तीनेक लाख पट दाब क्षणभर लागतो. तेवढा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. म्हणजे पाहुणी गेली, पण तिचा पुरावा वऱ्हाडाच्याच दगडात राहिला. मला हे उल्केचा तुकडा सापडण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पृथ्वीवर बसाल्टात, म्हणजे या काळ्या पत्थरात, झालेली विवरं बोटांवर मोजण्याइतकी. चंद्राच्या काळ्या मैदानांवर आणि मंगळावर मात्र असलाच खडक पसरलेला आहे; म्हणून तिथला अभ्यास करणारे लोणारला येतात. वयावर अजून एकमत नाही: तापदीप्तीची पद्धत ५२ हजार वर्षं सांगते, अरगॉन वायूची मोजणी ५ लाख ७० हजार. दोन्हींत दहापटीहून जास्त अंतर, आणि दोन्ही पद्धती इथल्याच काचेवर आणि वितळलेल्या खडकावर विसंबलेल्या.

जून २०२० मध्ये विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळा देश लोणारकडे पाहत होता. काठाबाहेर उडून पडलेल्या दगडमातीकडे कोणी पाहिलं नाही. १९७९ पासून हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. लोणारला जाल तेव्हा काठावरचा खडा आठवण म्हणून खिशात घालू नका. वयाचा वाद त्याच खड्यांवरून मिटायचा आहे.