कुरळ्या केसांचें न्हाणें

साठी उलटलेल्या आणि टक्कल पडलेल्या मास्तरानें केसांविषयीं बोलावें, याचें कोणासहि हसूं येईल. परंतु गेल्या उन्हाळ्यांत माझी नऊ वर्षांची नात आमच्या पोशेऱ्यास आली होती. तिचे केस बारीक, मऊ आणि कुरळे. न्हाण्यानंतर फणी फिरूं लागली कीं पोर रडे. शेवटीं तिनें केसच कापून टाकण्याचा हट्ट धरला. निरोगी केस केवळ गुंततात म्हणून कापावे, हें मला पटेना. म्हणून मीं या विषयाचा थोडा शोध घेतला.

केस म्हणजे केरॅटिन या प्रथिनाचा तंतु. त्याच्या बाहेरच्या अंगास छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकांवर चढलेले खवले असतात. टाळूंतून पाझरणारें तेल सरळ केसावरून टोंकापर्यंत सहज उतरतें. कुरळ्या केसाच्या वळणांवरून तें उतरत नाहीं. केस कोरडा राहतो, खवले उभे राहतात आणि गुंता होतो. म्हणजे या केसांचें खरें दुखणें मळ नसून कोरडेपणा हें आहे.

शांपूंतील मळ काढणारें द्रव्य मळाबरोबर असलेलें थोडें तेलहि नेतें. हें द्रव्य बहुधा ऋण विद्युद्भाराचें असतें. केसाचा पृष्ठभागहि ऋणभारितच असतो. उलट, कंडिशनरमधील मुख्य द्रव्य धनभाराचें असल्यामुळें तें केसास धरून राहतें, खवले बसवितें आणि केस सुळसुळीत करतें. त्या द्रव्यांत मळ सोडविण्याचाहि थोडा गुण असतो. म्हणून कुरळ्या केसांस शांपूऐवजीं कंडिशनरनेंच न्हाऊं घालण्याची रीत निघाली आहे.

'शांपू' हा शब्दहि आपल्याच देशांतून गेलेला. त्याचें मूळ 'चांपणें', म्हणजे दाबून चोळणें. पाटण्याच्या शेख दीन महंमद यानें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील ब्रायटन येथें चंपीचें स्नानगृह चालविलें होतें. या रीतींतहि चोळण्यालाच महत्त्व आहे, कारण येथें फेंस मदतीला नसतो.

केस पूर्ण भिजवावे. बोटांच्या पेरांनीं कंडिशनर टाळूस तीन-चार मिनिटें चोळावा. नखें लावूं नयेत. केस निसरडे असतांनाच रुंद दातांची फणी टोंकांकडून आरंभ करून वर न्यावी. मग भरपूर पाण्यानें धुऊन, पंचानें न घासतां टिपून घ्यावें.

बारीक केसांस मात्र एक पथ्य आहे. जड तेलें किंवा सिलिकोन असलेला कंडिशनर त्यांवर साचतो आणि केस चिकटून चपटे होतात. म्हणून हलका कंडिशनर घ्यावा आणि तीन-चार न्हाण्यांमागें एकदां सौम्य शांपू वापरावा. डोक्यास तेल चोपडलें असेल तर या रीतीनें तें निघणार नाहीं. कोंडा वा खाज असेल तर डॉक्टरांस दाखवावें.

आमच्या मोखाडा तालुक्यांत पावसाळ्यांत धो धो पाऊस पडतो. वैशाखांत मात्र बायकांना हंड्याभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. कंडिशनर नीट निघण्यास पाणी पुष्कळ लागतें. पाण्याची टंचाई असेल तेथें ही रीत मी सुचविणार नाहीं.

आपल्या आज्या आधीं तेल लावून मग शिकेकाईनें न्हात. शिकेकाईच्या शेंगेंतील सॅपोनिन मळ काढी आणि आधीं लावलेलें तेल केसांचें रक्षण करी. मळ जावा पण ओशटपणा सारा जाऊं नये, हें तत्त्व त्यांना ठाऊक होतें.

मृगाचा पाऊस पडून विहिरीस पाणी आल्यावर नातीस असें न्हाऊं घातलें. फणी फिरली, पण ती रडली नाहीं. तिचे केस अजून कुरळेच आहेत, आणि ते कापण्याची गोष्ट तिनें पुन्हा काढलेली नाहीं.