फुलांच्या गावातल्या फुल्या

संपादकांना हवी होती मुदखेडची फुलं. मी गेलोही त्यासाठीच. पण जंक्शनजवळ रुळांवरून ढकलगाडी नेणारी माणसं दिसली आणि गुलाब-मोगरा तिथंच राहिला.

गाडीवर पाण्याची टाकी, एक पडदा, खाली रुळाला घासत जाणारे प्रोब. रुळाच्या पोटातली चीर हे यंत्र आवाजानं शोधतं; रेल्वेतली माणसं त्याला ‘यूएसएफडी’ म्हणतात. माझा जीव अडकला तो प्रोबमधल्या चकतीत. दाबलं की काही स्फटिकांतून वीज निघते, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. वीज दिली की स्फटिक हलतो, हे पुढच्याच वर्षी. आजची चकती भाजलेल्या ऑक्साइडांची, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. सेकंदाला 20 लाख कंपनं हा तिचा सूर. जाडी निम्मी केली तर सूर दुप्पट चढतो.

प्रत्येक कंपनातली थोडी ऊर्जा मात्र चकतीतच मुरते आणि तिला तापवते. माझ्या घरी धुकं काढणारं वाडगं होतं. त्यातली चकतीही अशीच पातळ, पण अखंड थरथरणारी. एकदा पाणी आटलं, माझं लक्ष नव्हतं. कंपन आणि उष्णता दोन्ही वाहून नेणारं पाणीच गेलं. तापलेली चकती जास्त ऊर्जा खाते, म्हणून आणखी तापते. माझी जळाली.

रुळावरची का जळत नाही? ती एक-दोन मायक्रोसेकंद ठोका देते आणि गप्प ऐकते. मीटरला 60 किलो भरणाऱ्या रुळाची उंची 172 मिलिमीटर. तळाशी जाऊन परतायला आवाजाला सुमारे 58 मायक्रोसेकंद लागतात. बोलणं क्षणाचं, बाकी सगळं ऐकणं.

“म्हणजे तापायची भीतीच नाही,” मी म्हणालो.

ऑपरेटर हसले. “चकती नाही हो सर, रूळ तापतो. मे महिन्यात हात लावून बघा.”

तिरक्या प्रोबमध्ये चकतीखाली प्लास्टिकची पाचर असते. ती तापली की तिच्यातला आवाज मंदावतो आणि 70 अंशांनी जाणारा किरण आणखी आडवा होतो. चीर तीच, पडद्यावरचं शिखर मात्र खुजं. त्यात मराठवाड्याचं ऊन. रुळावरचं पाणी बघता बघता वाळतं. मध्ये हवेचा पापुद्रा आला की आवाज रुळात शिरतच नाही. पडदा तेव्हाही स्वच्छ दिसतो. या स्वच्छतेचीच त्यांना धास्ती. रूळ निरोगी आहे की यंत्र बहिरं झालंय, हे ओळखायला शेवटी दिवसभर उन्हात चाललेल्या माणसाचे डोळेच लागतात.

धोक्याची चीर सापडली, तर रुळाच्या दोन्ही अंगांना लाल रंगाच्या तीन फुल्या. तुकडा तीन दिवसांत बदलायचा. तोवर गाड्या ताशी 30 किलोमीटरनं.

परतताना डब्यात कुणाच्या तरी टोपलीतला मोगरा घमघमत होता. मध्येच गाडी मंदावली. शेजारचा प्रवासी करवादला. मी घड्याळ पाहिलं नाही.