घरगुती सौर संचाची क्षमता : हिशेब पावसाळ्याचा धरावा

वीजवाहिनी न पोहोचलेल्या घरासाठी सौर संच केवढा असावा, हे बहुधा हाती असलेल्या रकमेवरून ठरविले जाते. वास्तविक हा जमाखर्चाचा हिशेब होय. त्यात खर्च प्रथम मांडावा लागतो आणि जमा सर्वांत कमी उन्हाच्या महिन्याची धरावी लागते.

उदाहरणार्थ, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यातील एखादे घर घेता येईल. समजा, तेथे ९ वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास (१८० वॅट-तास), ३० वॅटचे २ बीएलडीसी पंखे १० तास (६००) आणि ४० वॅटचा टीव्ही ३ तास (१२०) चालतो. मोबाइलना ६० वॅट-तास लागतात. दिवसाचा एकूण खर्च ९६० वॅट-तास झाला. पंखे जुन्या धाटणीचे, ७५ वॅटचे असते, तर केवळ पंख्यांनाच १,५०० वॅट-तास लागले असते. म्हणून काटकसर उपकरणांपासून सुरू व्हावी.

आता जमेची बाजू. उष्णता, धूळ, तारा, बॅटरी व इन्व्हर्टर यांत सुमारे ३० टक्के ऊर्जा वाया जाते असे धरल्यास पॅनेलकडून रोज सुमारे १,३७० वॅट-तास मिळावयास हवेत. दर चौरस मीटरला १,००० वॅट तेजाचे ऊन म्हणजे पूर्ण ऊन. दिवसभराचे ऊन अशा पूर्ण उन्हाच्या तासांत मोजतात. एप्रिलसाठी ६ तास धरल्यास २३० वॅटचे पॅनेल पुरेसे दिसते. जुलैसाठी मात्र ३ तासच धरणे इष्ट. तेव्हा ४६० वॅट लागतात. उन्हाळ्याच्या हिशेबाने घेतलेला संच पावसाळ्यात गरजेच्या निम्मीच वीज देईल. पॅनेलचे तोंड दक्षिणेस व उतार अक्षांशाइतका, म्हणजे या भागात सुमारे १६ अंश, ठेवावा.

बॅटरी दोन ढगाळ दिवस पुरावी. दोन दिवसांचे १,९२० वॅट-तास इन्व्हर्टरची १० टक्के घट धरून सुमारे २,१३० होतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. म्हणून ४,२६० वॅट-तासांची साठवण हवी. १२ व्होल्ट, १८० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या त्यास पुरतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तीत सुमारे २,६६० वॅट-तास पुरेत. इन्व्हर्टर मात्र वॅट-तासांवरून नव्हे, तर एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांच्या वॅटवरून निवडावा. फ्रिज किंवा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, हेही ध्यानात ठेवावे.

अपुऱ्या संचाची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी होते व लवकर निकामी ठरते. घरच्यांचा मात्र समज होतो की, सौरवीजच कुचकामी आहे. शिवाय हा तुटवडा शाळा-महाविद्यालये सुरू असतानाच, ऐन अभ्यासाच्या रात्री जाणवतो. म्हणून खरेदीपूर्वी विद्यार्थ्यांकडून आपापल्या घराचा असा तक्ता वर्गात करून घेणे उपयुक्त ठरेल. त्यास गुणाकार-भागाकाराहून अधिक गणित लागत नाही.