घोडबंदर रोडवरची गोळी आणि इंदूरचा झोत

ठाण्यात माजिवड्याला रस्ता फुटतो. एक फाटा घोडबंदर रोडला लागतो: मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, गायमुख. दुसरा भिवंडी, नाशिक, धुळे करत इंदूरला पोचतो. हा जुना मुंबई-आग्रा रस्ता. या दोन फाट्यांचा एकमेकांशी असलेला संबंध गुगल मॅपवर दिसणार नाही.

घोडबंदर रोडवरच्या औषधांच्या दुकानांत रिव्हारोक्साबान नावाची गोळी मिळते. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्यांना डॉक्टर ती लिहून देतात. ती शोधणाऱ्या बायर कंपनीचं भारतातलं मुख्य कार्यालय याच रस्त्यालगत, हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. रक्त गोठवणाऱ्या साखळीत ‘फॅक्टर टेन-ए’ नावाचं एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, असतं; ही गोळी त्याला अडवते. कशी अडवते, ते कंपनीच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. गोळीच्या रेणूतला क्लोरीनचा अणू विकराच्या खोल खाचेत उतरतो आणि तिथल्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या कड्याला टेकतो. एक अणू कुठे टेकला, हे इतक्या नेमकेपणाने कळलं ते क्ष-किरण स्फटिकशास्त्रामुळे.

साध्या प्रकाशात हे दिसणं शक्य नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चार ते सात हजार अँगस्ट्रॉम, तर प्रथिनातले शेजारशेजारचे अणू एकमेकांपासून जेमतेम दीड अँगस्ट्रॉमवर. तिथे क्ष-किरणच लागतात. पण एकट्या रेणूवरून विखुरलेले किरण इतके क्षीण असतात की नोंदवताच येत नाहीत. म्हणून प्रथिनाचा स्फटिक करायचा. एकटा ढोल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत नाही, पण शंभर जणांच्या पथकाची टिपरी एकाच क्षणी पडली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. स्फटिकात अब्जावधी रेणू अशाच शिस्तीत उभे असतात. त्यांच्यावरून विखुरलेले किरण ठरावीक दिशांना एकमेकांना बळ देतात आणि पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या ठिपक्यांवरून गणिताने उलट चालत रेणूपर्यंत जायचं.

यात एक ग्यानबाची मेख आहे. ठिपका किती तेजस्वी, हे मोजता येतं. पण लहरी तिथे चढावर असताना पोचल्या की उतारावर, हे कळत नाही. याला कला-समस्या म्हणतात, आणि या एका अडचणीने कित्येक आयुष्यं खाल्ली आहेत. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र १९३५ मध्ये घेतलं आणि रचना सुटायला १९६९ उजाडलं. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या चमूत भारताचे एम. विजयन होते. १९७१ मध्ये अशा रचनांचा संग्रह असलेली प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. २०२३ पर्यंत त्या दोन लाखांवर गेल्या.

हा वेग आला तो सिंक्रोट्रॉनमुळे. जवळपास प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरणारे इलेक्ट्रॉन वळताना क्ष-किरण फेकतात. ते प्रखर असतात आणि त्यांची तरंगलांबी हवी तशी निवडता येते. प्रथिनात सेलेनियमसारखा जड अणू बसवून वेगवेगळ्या तरंगलांबींवर मोजणी केली की कला-समस्येची गाठ सुटू लागते. पण प्रखर किरण स्फटिकाला जाळतातही. त्यावर उपाय म्हणून स्फटिक उणे १७३ अंशांच्या आसपास गोठवतात. द्रव नायट्रोजनच्या भांड्यात भरले की ते दूरच्या प्रवासालाही निघू शकतात. जिथे छायाचित्रपट्टी धुवावी लागे तिथे आता सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारे शोधक आहेत. पूर्वी महिने घेणारी नोंद आज चांगल्या केंद्रात मिनिटाभरात होते.

आपल्याकडे हे काम दिमाखाशिवाय पण चिकाटीने चाललं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएज या विकराचा पिच्छा पुरवला. हे विकर म्हणजे विषाणूची कात्री. ती अडवली की विषाणू पक्व होत नाही. २००६ मध्ये त्यांनी एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. स्फटिकातल्या विकरालाच कापण्यासाठी पेप्टाइड दिलं, विकराने ते कापलं आणि कापलेले दोन्ही तुकडे जागेवर असतानाच रचना टिपली. या शोधनिबंधाच्या लेखकांत परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या स्मिता महाले होत्या, तसेच फ्रान्समधले संशोधकही होते. भारतीयांना अशा कामासाठी परदेशी सिंक्रोट्रॉनच्या झोतांची वेळ मागावी लागे. व्हिसा, विमान, नायट्रोजनचं भांडं आणि वाट्याला आलेले मोजके तास.

मग माजिवड्याहून फुटणारा तो दुसरा रस्ता कामी आला. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचा परीघ १७२ मीटर आणि ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी प्रथिनांसाठी खास झोत उभारला: बीएल-२१. देशातल्या प्रयोगशाळांचे स्फटिक आता तिथे जाऊ शकतात. ठाण्याहून ते अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर.

जग मात्र तोवर पुढे सरकलं होतं. करोनाच्या मुख्य प्रोटिएजची पहिली रचना चिनी संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली केली. पाठोपाठ ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर बाराशेहून अधिक छोटे रेणू त्या विकराच्या स्फटिकांवर काही आठवड्यांत तपासून झाले. हे माणसांच्या हाताने होत नाही. यंत्रमानव स्फटिक उचलतो, झोतात धरतो, परत ठेवतो. अमेरिकेत २००९ पासून आणि हॅम्बुर्गजवळ २०१७ पासून क्ष-किरण लेझर चालू आहेत. त्यांचा स्पंद काही फेम्टोसेकंदांचा; फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचा दहा लाखावा भाग. स्फटिक त्यात नष्ट होतो, पण नष्ट होण्याआधीच त्याची नक्षी उमटलेली असते. एकामागून एक हजारो सूक्ष्म स्फटिक सोडत गेलं की विकर काम करताना कसं हलतं, त्याचे टप्पे दिसतात.

‘आता अल्फाफोल्ड आहे, मग स्फटिकांची कटकट कशाला?’ हा प्रश्न हल्ली विज्ञान शाखेतली मुलंही विचारतात. प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या या संगणकप्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, आणि तो योग्यच होता. पण ती शिकली कशावर? प्रोटीन डेटा बँकेतल्या, बहुतांशी स्फटिकांतूनच मिळालेल्या रचनांवर. शिवाय नवं औषध खाचेत नेमकं कसं बसलं, पाण्याचा कुठला रेणू मध्ये आला, हे अंदाजावर सोडून माणसाला गोळी देता येत नाही. उलट अल्फाफोल्डचा अंदाज आता स्फटिकशास्त्राच्याच उपयोगी पडतो. तो आरंभीचा आराखडा म्हणून वापरला की कला-समस्या अनेकदा तासाभरात सुटते. हॉजकिनबाईंना हे पाहून काय वाटलं असतं!

सगळ्यात अवघड राहतो तो स्फटिकच. यंत्रमानव नॅनोलीटरचे थेंब शेकडो द्रावणांत टाकतो, आणि तरीही बऱ्याच प्रथिनांचे स्फटिक होतच नाहीत. अवाढव्य रेणूंसाठी गोठवलेल्या नमुन्यांचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन आता स्फटिकाला मागे टाकतं, हे मान्य करायला हवं. पण एकाच विकरावर शेकडो लहान रेणू झटपट तपासायचे तर स्फटिकाला पर्याय नाही, आणि औषधनिर्मितीत नेमकं तेच लागतं.

इथे आपण मागे आहोत. बीएल-२१ चांगला आहे, पण इलेक्ट्रॉनांना वळवणाऱ्या चुंबकातून निघालेला तो झोत अगदी लहान स्फटिकांना पुरेसा प्रखर नाही. राजा रामण्णा केंद्राने ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या नव्या सिंक्रोट्रॉनचा प्रस्ताव मांडला आहे. मेट्रो, उड्डाणपूल आणि बोगद्यांसाठी पैसा लागतोच, पण औषधांचा देश म्हणून मिरवणाऱ्यांनी या प्रस्तावाकडेही खिसा उघडून पाहावं.

तोवर वाचकांनी एक गोष्ट करावी, ती फुकट आहे. मोबाइलवर प्रोटीन डेटा बँक उघडा आणि शोधखिडकीत इंग्रजीत ३ आणि पुढे पी, व्ही, ए ही अक्षरं टाइप करा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले सी. जी. सुरेश, पुंडले आणि शिवरामन यांनी यॉर्कच्या संशोधकांसह १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली पेनिसिलिन-व्ही अॅसायलेज या विकराची रचना समोर येईल. बोटाने फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येते.